गाडी न घेता दक्षिण स्पेनच्या डोंगरात: बस आणि ट्रेनने ट्रेक करायचे असतील तर हे आधी वाचा

ग्रानादा किंवा मालागाला शिकायला, नोकरीला नाहीतर फिरायला येणारी मराठी मंडळी मला फिरून फिरून एकच विचारतात, की समोर एवढे डोंगर दिसतायत पण आपल्याकडे गाडी नाही, मग जायचं कसं. भाड्याच्या गाडीला क्रेडिट कार्ड लागतं, इंटरनॅशनल परमिट लागतं, आणि इथे रहिवासी म्हणून आलात तर भारतातलं लायसन्स सहा महिन्यांपुरतंच चालतं, पुढे नाही. त्यामुळे बरेच जण अल-हाम्ब्राचा राजवाडा बघतात, समुद्र बघतात आणि परत जातात. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण इथल्या चांगल्या वाटांपैकी कितीतरी वाटांच्या तोंडाशी बस जाते. मी ग्रानादात शिकत असताना सगळं बसने आणि ट्रेननेच केलं, तेव्हा जे कळलं ते सगळं इथे लिहून ठेवते.

आणि गाडी नसण्याचा एक मोठा फायदा आहे जो गाडीवाल्यांना मिळत नाही. त्यांना फिरून पार्किंगपाशीच यावं लागतं. आपण एका गावात उतरायचं, डोंगर चालून दुसऱ्या गावात निघायचं आणि तिथून बस धरायची. सह्याद्रीत एसटीने ट्रेक केलेत त्यांना हे सांगायला नको.

१. आधी परतीची बस बघा, मग ट्रेक ठरवा

सगळ्यात महत्त्वाचं हेच. नवीन माणूस आधी फोटो बघून जागा ठरवतो, मग जायची बस शोधतो आणि परतीचं "तिथे गेल्यावर बघू" म्हणतो. इथे तसं चालत नाही. डोंगरातल्या गावांना दिवसाला दोन-तीन बस असतात, आणि शेवटची बस उजेड असतानाच निघून जाते. जूनमध्ये ग्रानादात सूर्य साडेनऊनंतर मावळतो, त्यामुळे संध्याकाळी पाच वाजता आपल्याला वाटतं अजून अर्धा दिवस पडलाय, आणि तिकडे बस गेलेली असते.

म्हणून हिशोब उलटा करायचा. शेवटची बस किती वाजता, त्याच्या एक तास आधी मी गावात हवी, म्हणजे चालायला माझ्याकडे इतके तास, त्यातून थांबणं, खाणं, फोटो यांचा एक तास वजा. उरलेल्या वेळात जे बसेल तो आपला ट्रेक. शक्य असेल तर शेवटच्या बसवर अवलंबून राहूच नका, तिच्या आधीची धरायची असं ठरवा, म्हणजे शेवटची हाताशी राहते.

२. मुक्काम ग्रानादात करा

मालागा, रोंदा, ग्रानादा तिन्ही चालतात पण पहिल्यांदा येत असाल तर माझं मत ग्रानादा. सिएरा नेवादा ही पर्वतरांग शहराच्या डोक्यावरच उभी आहे, अर्ध्या तासात डोंगराच्या पायथ्याला नेणाऱ्या बस आहेत, आणि माद्रिदहून थेट हायस्पीड ट्रेन आहे. मालागाहून बसने दीड-पावणेदोन तास.

फक्त एक लक्षात ठेवा, ग्रानादात डोंगराच्या बस दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून सुटतात. मोनाचिल आणि ग्वेहार सिएरा या जवळच्या गावांच्या बस शहराच्या मध्यात, पासेओ देल सालोनच्या परिसरातून मिळतात. अल्पुहारा भागात जाणाऱ्या लांबच्या बस मात्र मुख्य बस स्टेशनवरून सुटतात, आणि ते स्टेशन शहराच्या टोकाला आहे. मेट्रो तिथे जाते पण ती जुन्या शहरातून जात नाही, त्यामुळे कॅथेड्रलजवळ राहत असाल तर ग्रान व्हिया रस्त्यावरून सिटी बस धरा आणि सकाळी चांगली पाऊण तास आधी निघा.

३. तिकिटं

जवळच्या गावांच्या बस कोन्सोर्सियो म्हणजे महानगर परिवहनाच्या. ड्रायव्हरकडे रोख देऊन तिकीट मिळतं, दोन युरोच्या आतबाहेर. वारंवार जाणार असाल तर त्यांचं रिचार्जचं कार्ड घ्या, प्रवास स्वस्त पडतो आणि तेच कार्ड आंदालुसियातल्या, म्हणजे या दक्षिणेकडच्या प्रांतातल्या, इतर शहरांच्या महानगर बसलाही चालतं.

अल्पुहाराच्या बस आल्सा कंपनीच्या. त्यांचं ॲप आहे, स्टेशनवर मशीन आहे, खिडकीही आहे. कापिलेइरापर्यंत साधारण 6-7 युरो एका बाजूचे. शनिवार-रविवार आणि लाँग वीकेंडला जाताना-येतानाची दोन्ही तिकिटं आधीच काढून ठेवा. गावातून परत येताना तिकीट ड्रायव्हरकडेच मिळतं, पण खिशात सुटे पैसे हवेत, 50 ची नोट पुढे केलीत तर तो घेईलच असं नाही.

४. टाइमटेबल वाचायला शिका

ही पायरी सोडू नका, नव्या माणसाची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. तक्त्यावर तीन प्रकारचे दिवस असतात. लाबोराब्लेस म्हणजे सोमवार ते शुक्रवार कामाचे दिवस, साबादोस म्हणजे शनिवार, आणि दोमिंगोस इ फेस्तिवोस म्हणजे रविवार आणि सणाचे दिवस. इदा म्हणजे जाताना, वुएल्ता म्हणजे परत येताना.

गोम त्या फेस्तिवोसमध्ये आहे. बुधवार असला आणि त्या दिवशी सुट्टी असली तर बस रविवारच्या वेळापत्रकाने धावते, म्हणजे कमी. 28 फेब्रुवारी (आंदालुसिया दिवस), 15 ऑगस्ट, 12 ऑक्टोबर, 1 नोव्हेंबर, 6 आणि 8 डिसेंबर हे लक्षात ठेवा, शिवाय ईस्टरच्या आधीचे गुरुवार आणि शुक्रवार. आपल्याला त्या सुट्ट्या माहीत नसतात, आपल्यासाठी तो साधा बुधवार असतो.

दुसरं, मॅपच्या ॲपवर दिसणाऱ्या बसच्या वेळांवर गावाकडच्या बाबतीत विसंबून राहू नका. बस कंपनीच्या साइटवर बघा, आणि गावात उतरल्या उतरल्या स्टॉपवर चिकटवलेला कागद बघा, त्याचा फोटो काढा. स्टॉप बहुतेक वेळा एखाद्या बारच्या जवळ असतो, त्या बारमध्ये कॉफी घेताना परतीची बस किती वाजता ते विचारा. बारवाल्याला ते पाठ असतं, आणि आज बस वेगळ्या ठिकाणी थांबणार आहे कारण रस्ता खणलाय, असल्या गोष्टी तोच सांगतो. बस येताना दिसली की हात करा. नुसतं उभं राहिलात तर पुढे निघून जाऊ शकते.

५. पहिला ट्रेक: मोनाचिलचं लोस काओरोस

पाय मोकळे करायला आणि इथल्या बसचा अंदाज यायला ही वाट उत्तम. मोनाचिल नदीने चुनखडीत कापलेली अरुंद घळ आहे, त्यात झुलते पूल आहेत, सगळ्यात लांब पूल 63 मीटरचा. पुढे कडा इतका वाकून आलेला आहे की वाकून, काही ठिकाणी जवळजवळ बसून सरकत जावं लागतं, हाताला धरायला दगडात लोखंडी कड्या ठोकल्या आहेत. पाठीवर मोठी सॅक असेल तर ती पुढे छातीशी घ्या, नाहीतर दगडात अडकते आणि माणूस बाहेरच्या बाजूला ढकलला जातो. गावातून निघून फेरी मारून परत यायला तीन-चार तास पुरतात.

बसमध्ये एक गोष्ट सांभाळा. मोनाचिल नावाखाली तीन वेगळ्या वस्त्या येतात: जुनं गाव, शहराला लागून असलेली बारियो दे ला वेगा, आणि वर स्की स्टेशन. आपल्याला जुनं गाव हवंय, "मोनाचिल पुएब्लो". बसमध्ये चढताना ड्रायव्हरला हे दोन शब्द म्हणा, काही फेऱ्या अलीकडेच संपतात.

रविवारी सकाळी उशिरा गेलात तर पुलावर रांग लागते. शक्यतो आठवड्यातला दिवस धरा.

६. दुसरा: ग्वेहार सिएरा आणि वेरेदा दे ला एस्त्रेया

खाणकामगारांसाठी काढलेली ही जुनी वाट खेनिल नदीच्या खोऱ्यातून वर जाते आणि समोर मुलासेन आणि आल्कासाबा या शिखरांचे उत्तरेकडचे कडे दिसतात, जे इतर कुठून असे समोरासमोर दिसत नाहीत. चेस्टनटची प्रचंड जुनी झाडं आहेत, त्यातल्या एकाला लोक "आबुएलो" म्हणजे आजोबाच म्हणतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सगळं खोरं पिवळं होतं.

अडचण अशी की वाट जिथून सुरू होते ते बारांको दे सान हुआन गावापासून साधारण सहा किलोमीटर आत आहे आणि बस गावापर्यंतच येते. पण हे सहा किलोमीटर फुकट जात नाहीत. 1925 मध्ये ग्रानादाहून डोंगरात जाणारी ट्राम सुरू झाली होती, ती 1974 मध्ये कानालेस धरणामुळे बंद पडली, आणि आता रस्ता तिच्याच मार्गावरून, तिच्याच छोट्या बोगद्यांतून जातो. बोगद्यात गाड्याही येतात, म्हणून टॉर्च लावून कडेने चाला.

आता हिशोब. सहा जायचे, सहा यायचे, आणि मूळ वाट शेवटपर्यंत म्हणजे कुएवा सेक्रेताच्या दगडी निवाऱ्यापर्यंत केली तर जाऊन-येऊन साधारण 18 किलोमीटर. बसने आलेल्या माणसाला एका दिवसात हे सगळं जमणार नाही, आणि जमवायचा प्रयत्नही करू नका. वाटेवर दीड-दोन तास वर जा, शिखरं नीट दिसली की बसा, खा आणि वळा. सगळ्यात सुंदर भाग तोपर्यंत बघून झालेला असतो.

७. अल्पुहारा: पोकेइराचं खोरं

माझ्या मते गाडीशिवाय दक्षिण स्पेन बघायचा असेल तर पहिला मान या खोऱ्याचा. सिएरा नेवादाच्या दक्षिण उतारावर पांपानेइरा, बुबियोन आणि कापिलेइरा ही तीन पांढरी गावं एकाच्या डोक्यावर एक अशी बसलेली आहेत. कापिलेइरा 1,436 मीटरवर आहे, म्हणजे नुसत्या बसमधून उतरलात की जवळजवळ कळसूबाईच्या उंचीला पोचलात (ती 1,646). ग्रानादाहून बस लांखारोन, ओर्खिवा करत सव्वादोन-अडीच तास घेते. ओर्खिवानंतर घाट सुरू होतो आणि वळणं संपत नाहीत, ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी ग्रानादातच घ्या आणि पुढच्या सीटवर बसा.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सोपा प्लॅन: सकाळच्या बसने थेट कापिलेइराला जा, आणि चालत बुबियोनमार्गे पांपानेइराला उतरा. सगळा उतार, नुसतं चालणं धरलं तर दीड तास. परतीची बस तिन्ही गावांतून जाते आणि पांपानेइरा सगळ्यात खाली, त्यामुळे बस तिथे सगळ्यात शेवटी येते, आपल्याला तेवढीच थोडी जास्त वेळ मिळते.

पण दिवस मोकळा असेल तर कापिलेइराची फेरी करा. गावाच्या वरच्या टोकाला एरास दे आल्देइरे नावाची जुनी खळी आहेत, धान्य मळायची दगडी गोल अंगणं, तिथून वाट खोऱ्याच्या कडेने आत जाते. खाली नदी, समोर बर्फ, आणि तासाभरात ला सेबादिया लागतं, वीज केंद्राच्या कामगारांसाठी बांधलेली आणि आता ओस पडलेली वस्ती. तिथे पूल ओलांडायचा, पलीकडच्या काठाने खाली यायचं, आबुचिते पुलावरून परत अलीकडे आणि मग शेवटचा खडा चढ गावात. एकूण 8-9 किलोमीटर, चार तास धरा. चढ शेवटी आहे हे विसरू नका, बसची वेळ जवळ आली असताना तो चढ धावत चढायची पाळी येऊ देऊ नका.

या वाटांवर चालताना पायाशी पाण्याचा आवाज येत राहतो. हे आसेकिया, मुसलमानी राजवटीपासून चालत आलेले पाण्याचे पाट. फूटभर-दोन फूट रुंद, काही ठिकाणी नुसते मातीत खणलेले, कडेला दगड. वसंतात बर्फ वितळलं की वरच्या उंचीवर हे पाणी मुद्दाम डोंगरात मुरवतात, आणि तेच पाणी उन्हाळ्यात खालच्या झऱ्यांना बाहेर येतं, तेव्हा शेतं आणि गावं त्यावर जगतात. कितीतरी पाट मधल्या काळात बुजले होते, ग्रानादा विद्यापीठाची माणसं गावकऱ्यांबरोबर फावडी घेऊन ते पुन्हा मोकळे करतायत. मी एकदा पाटाच्या कडेला बसून बघत होते तर एका शेतकरी आजोबांनी येऊन एक सपाट दगड उचलला, बाजूला ठेवला आणि पाणी वळून त्यांच्या बदामाच्या झाडांकडे निघालं. एवढंच दार. म्हणून कळकळीने सांगते, पाटाच्या तोंडाशी लावलेले दगड हलवू नका, पाय धुवायला पाट अडवू नका, कोणाची तरी पाणी घ्यायची पाळी चालू असते. आणि ते पाणी पिऊही नका, वर गुरं चरतात. पिण्यासाठी गावात फुएंते म्हणजे सार्वजनिक पाणवठे आहेत, त्यावर "नो पोताब्ले" (पिण्याचं पाणी नाही) लिहिलं नसेल तिथे बाटली भरा.

गावातली घरं बघायला वेळ ठेवा. छपरं सपाट, त्यावर लाउना नावाची करडी माती पसरलेली, ती पाणी धरून ठेवते आणि आत उतरू देत नाही. गल्ल्यांवरून एका घरातून दुसऱ्या घरात जाणाऱ्या छतांना तिनाओ म्हणतात, पाऊस आला तर त्याखाली उभं राहा.

पुढे जायचं असेल तर जीआर-7 (GR-7) ही लांब पल्ल्याची वाट पांपानेइराहून पित्रेस, पोर्तुगोस, बुस्किस्तार करत त्रेबेलेसला जाते आणि यातल्या बऱ्याच गावांना बस आहे. मात्र त्रेबेलेसपर्यंत येणाऱ्या बस कापिलेइरापेक्षाही कमी, म्हणून इकडे एक रात्र मुक्काम धरूनच या. पोर्तुगोसला फुएंते आग्रिया आहे, डोंगरातून येणारं लोहयुक्त, आपोआप बुडबुडे असलेलं पाणी. दगड त्याने तांबडे झालेत. चव गंजाची, पण एक ओंजळ पिऊन बघाच.

८. मुलासेन: फक्त उन्हाळ्यात आणि मुक्काम करून

3,479 मीटर, अख्ख्या इबेरियन द्वीपकल्पातलं सगळ्यात उंच शिखर, कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. तरी हे गाडीशिवाय जमतं. उन्हाळ्यात बर्फ गेलं की कापिलेइराहून नॅशनल पार्कची मायक्रोबस मिरादोर दे त्रेबेलेसपर्यंत, म्हणजे साधारण 2,700 मीटरपर्यंत सोडते. वरच्या रस्त्यावर खासगी गाड्यांना बंदी आहे, त्यामुळे इथे गाडीवाले आणि आपण सारखेच. तिथून शिखर पावणेआठशे मीटर चढ, तीन तास धरा. वाट रुंद आहे, तांत्रिक काही नाही, फक्त वारा आणि उंची.

पायऱ्या अशा: आदल्या दिवशी ग्रानादाहून कापिलेइरा, गावात मुक्काम, मायक्रोबसचं जाता-येताचं बुकिंग काही दिवस आधी (ऑगस्टमध्ये सीट पटकन भरतात), सकाळची पहिली फेरी, दुपारी परत खाली. ग्रानादाहून सकाळी निघून त्याच दिवशी शिखर करून परत, हा विचार सोडून द्या. परतीची मायक्रोबस चुकली तर गावापर्यंत सव्वा हजार मीटर उतरायचं असतं, गुडघ्यांना ते महागात पडतं.

मालागाच्या समुद्रावरून थेट इतक्या उंचीवर आलात तर डोकं दुखू शकतं, सावकाश चढा. जूनमध्येही वर बर्फाचे पट्टे असू शकतात. आणि नोव्हेंबर ते मे हे शिखर आपल्यासारख्यांसाठी नाही. तेव्हा तिथे क्रॅम्पॉन (बर्फासाठी बुटाखाली लावायचे खिळे), आइस ॲक्स आणि ते वापरायचं शिक्षण लागतं. खाली ग्रानादात लोक टीशर्टवर फिरत असतात म्हणून वर पण तसंच असेल असं समजू नका.

९. ट्रेनने: कामिनितो देल रेय

मालागाकडे राहणाऱ्यांना हे सगळ्यात सोयीचं. गाइतानेस घळीच्या उभ्या कड्याला ठोकलेली ही वाट 1901 ते 1905 मध्ये वीज केंद्राच्या कामगारांसाठी बांधली, 1921 मध्ये राजा आल्फोन्सो तेरावा त्यावरून चालला म्हणून हे नाव. मग ती मोडकळीला आली, आणि 2015 मध्ये नवीन लाकडी मार्ग करून उघडली. जुनी फुटकी वाट अजून आपल्या पायाखाली दिसते. एकूण 7.7 किलोमीटर, त्यातले कड्यावरचे 2.9.

क्रम नीट समजून घ्या कारण इथे लोक गोंधळतात. मालागाच्या मारिया साम्ब्रानो स्टेशनवरून ट्रेन एल चोर्रोला येते, पाऊण तास. पण एल चोर्रो ही वाटेची शेवटची बाजू आहे. वाट एकाच दिशेने, उत्तरेकडून दक्षिणेकडे चालायची असते. म्हणून ट्रेनमधून उतरून शटल बस धरायची, ती वीस मिनिटांत उत्तरेच्या बाजूला सोडते, तिथूनही प्रवेशाच्या चौकीपर्यंत जंगलातून किंवा बोगद्यातून वीस-तीस मिनिटं चालायचं, आणि चौकीवर दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचायचं. म्हणजे ट्रेन पोचायची वेळ आणि तिकिटावरची वेळ यात दोन तासांचं अंतर ठेवा. चालून बाहेर पडलात की थेट एल चोर्रो, परतीची ट्रेन समोर.

तिकीट अधिकृत साइटवरूनच, कित्येक आठवडे आधी. दिवसाला ट्रेन मोजक्याच आहेत म्हणून आधी ट्रेन बघा, मग प्रवेशाची वेळ निवडा. सोमवारी बंद. आठ वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत, मुलाच्या वयाचा पुरावा जवळ ठेवा. हेल्मेट तिथेच देतात. सेल्फी स्टिक आणि मोठ्या सॅक चालत नाहीत. जोराचा वारा किंवा पाऊस असेल तर वाट बंद करतात, निघायच्या दिवशी सकाळी साइट बघूनच स्टेशन गाठा.

१०. रोंदाकडे जाणार असाल तर थोडक्यात

रोंदाहून आल्खेसिरासकडे जाणाऱ्या ट्रेनने बेनाओहानला उतरून गुआदियारो नदीच्या काठाने खिमेरा दे लिबारच्या स्टेशनपर्यंत चालता येतं, स्टेशन ते स्टेशन, दोन-तीन तासांची गोड वाट. ग्रासालेमालाही बस आहे, पण तिथल्या पिन्सापार (दुर्मीळ फर झाडांचं जंगल) आणि गार्गांता वेर्दे या वाटांना आधी परवाना लागतो, उन्हाळ्यात आगीच्या भीतीने त्या बऱ्याचशा बंद किंवा मर्यादित असतात. परवाना एल बोस्केच्या माहिती केंद्रातून मिळतो. त्याच एल बोस्केहून बेनामाओमापर्यंत माहासेइते नदीकाठची पाच किलोमीटरची वाट मात्र सावलीची आणि सोपी.

११. कधी यावं

आपला ट्रेकिंगचा सीझन पावसाळ्यात, इथे उलटं आहे. उन्हाळा कोरडा ठणठणीत, पाऊस हिवाळ्यात. एप्रिल ते मध्य जून आणि मध्य सप्टेंबर ते नोव्हेंबरची सुरुवात हे सगळ्यात चांगले दिवस. फेब्रुवारीत खालच्या उतारांवर बदाम फुलतो. जुलै-ऑगस्टमध्ये खालच्या घळींत पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा फक्त उंचावर जा. 1 जून ते 15 ऑक्टोबर आगीच्या धोक्याचा काळ, कुठेही चूल, स्टोव्ह, सिगरेट काही नाही. हवामानासाठी आएमेत या सरकारी संस्थेचं ॲप ठेवा, त्यात डोंगराचा अंदाज वेगळा दिलेला असतो.

१२. खुणा ओळखा

दगडावर, झाडावर रंगाचे दोन पट्टे असतात. पांढरा-लाल म्हणजे लांब पल्ल्याची वाट, पांढरा-पिवळा म्हणजे एका दिवसाची, पांढरा-हिरवा म्हणजे गावाजवळची छोटी. त्याच रंगात फुली असेल तर इकडे जायचं नाही. काळ्या-पांढऱ्या छोट्या पाटीवर "कोतो" लिहिलेलं दिसलं तर ते शिकारीचं राखीव क्षेत्र. वाट सोडू नका, आणि हिवाळ्यातल्या रविवारी "बातिदा" किंवा "मोंतेरिया" अशी पाटी वाटेवर लावलेली दिसली तर त्या दिवशी परत फिरा, बंदुका घेऊन माणसं आत असतात. गुरांचं फाटक उघडलंत तर मागे लावा.

१३. जवळ काय हवं

कागदपत्रं:
– पासपोर्ट किंवा इथलं रहिवासी कार्ड, मूळ. मुक्कामाच्या जागी नोंदीला लागतंच.
– ट्रॅव्हल इन्शुरन्सची प्रत. शेंगेन व्हिसासाठी 30,000 युरोचं घेतलेलं असतंच, पण त्यात डोंगरातलं चालणं आणि सुटका धरलीय का, आणि किती उंचीपर्यंत, हे बारीक अक्षरात वाचा. नसेल तर वाढवून घ्या.
– बसची, ट्रेनची, मायक्रोबसची तिकिटं स्क्रीनशॉट काढून. खोऱ्यात रेंज जाते.

सामान: घोट्याला धरणारे बूट, टोपी, सनस्क्रीन, माणशी दोन लिटर पाणी (उन्हाळ्यात तीन), विंडचीटर कुठल्याही महिन्यात, टॉर्च, शिट्टी, पॉवर बँक, सुटे युरो. ऑफलाइन मॅप आधीच उतरवून घ्या. सिएरा नेवादासाठी एदितोरियाल आल्पिनाचा 1:40,000 चा कागदी नकाशा मिळतो, तो मला फोनपेक्षा आवडतो, बॅटरी लागत नाही आणि अख्खं खोरं एकदम दिसतं.

तंबू लावायचा असेल तर पार्कचे नियम वेगळे आहेत, आधी परवानगी काढा.

१४. शाकाहारी असाल तर

गावात दुपारी दोन ते पाच दुकानं बंद, रविवारी तर दिवसभर. म्हणून डबा ग्रानादातूनच न्या. थेपले, दशम्या, चटणी काहीही चालेल, मला बाजारातला भाकरीसारखा जाड पाव, टोमॅटो आणि चीज पुरायचं. बारमध्ये "वेखेतारियानो" म्हटलं तरी सॅलडवर ट्यूना येतो आणि सूपवर हॅमचे तुकडे, कारण अनेकांच्या लेखी ते मांसात धरतच नाहीत. नीट सांगायचं: सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून (मांस नको, हॅम नको, ट्यूना नको). पातातास आ लो पोब्रे (बटाटे, मिरची, कांदा) आणि वांग्याच्या तळलेल्या कापांवर काकवी घातलेली बेरेनहेनास, हे दोन निर्धास्त मागवा, फक्त बटाट्यावर अंडं नको असेल तर तेही बोला. मिगासमध्ये (पावाच्या चुऱ्याचा पदार्थ) बहुतेक ठिकाणी सॉसेज असतं.

१५. बस चुकलीच तर

घाबरून अंधारात रस्त्याने चालत निघू नका, घाटाचे रस्ते अरुंद आहेत आणि वळणावर गाड्यांना माणूस दिसत नाही. स्टॉपजवळच्या बारमध्ये जा आणि टॅक्सी विचारा, गावात एखादी असतेच, नसली तर खालच्या मोठ्या गावातून येते. ग्रानादापर्यंतची टॅक्सी मात्र फार महाग पडते, त्यापेक्षा गावातल्या होस्तालमध्ये, म्हणजे साध्या लॉजमध्ये, खोली घ्या, सीझन नसेल तर आयत्या वेळीही मिळते, आणि सकाळची पहिली बस धरा. म्हणूनच पासपोर्ट आणि एक दिवसाचं औषध कायम सॅकमध्ये ठेवा.

डोंगरातच काही झालं, पाय मुरगळला, वाट हरवली, तर 112 फिरवा. हा नंबर फुकट आहे, दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क असलं तरी लागतो, इंग्रजीत बोलता येतं, आणि तिथून गुआर्दिया सिविल या पोलिस दलाच्या डोंगरी सुटका पथकाला कळवतात. फोन लावण्याआधी मॅपवरून आपले अक्षांश-रेखांश काढून समोर ठेवा, कारण ते पहिली गोष्ट तीच विचारतात, आणि निघताना कुठल्या वाटेने जातोय आणि कुठल्या बसने परत येणार ते घरमालकिणीला नाहीतर रूममेटला व्हॉट्सॲपवर टाकून ठेवा.